देशी की इम्पोर्टेड, आणि त्याआधीचे काही प्रश्न

१. प्रश्न कुठून सुरू होतो

अँजिओग्राफीत एका धमनीत नव्वद टक्के ब्लॉकेज निघाले आणि स्टेंट टाकायचे ठरले, की नातेवाइकांकडून हमखास येणारा प्रश्न असा असतो: "डॉक्टर, देशी टाकायचा की इम्पोर्टेड?" नाशिक रोड, सिन्नर, इगतपुरी, निफाड या पट्ट्यातल्या घराघरांत आता हा प्रश्न सरावाचा झाला आहे. विचारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. महाग ते टिकाऊ, परदेशी ते पक्के, आणि जीवाचा मामला असताना पैशाकडे पाहायचे नाही. फ्रिज किंवा मोटारसायकल घेताना हा हिशेब थोडाफार चालूनही जातो. स्टेंटच्या बाबतीत तो दोन ठिकाणी फसतो. एक तर 'सगळ्यात चांगला' म्हणावा असा स्टेंट आजवर कोणी बनवलेला नाही, आणि तो बनणे का अवघड आहे हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. दुसरे म्हणजे स्टेंटमध्ये पुढे जे यांत्रिक बिघाड होतात, म्हणजे तो दबतो, मोडतो, आखडतो किंवा अर्धवट उघडतो, ते बहुतेक वेळा निकृष्ट मालामुळे होत नाहीत. एखादा गुण मुद्दाम वाढवला म्हणून दुसरीकडे जी उणीव राहिली, तिथे ते होतात. हे प्रकरण त्या देवाणघेवाणीबद्दल आहे. देशी की इम्पोर्टेड याचे उत्तरही त्यातूनच निघते, पण ते शेवटाकडे.

२. फुगा काढला की काय होते

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून जेमतेम अडीच ते चार मिलिमीटर रुंद असतात. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग या डॉक्टरने अशा एका अरुंद झालेल्या धमनीत बारीक नळीच्या टोकावरचा फुगा नेऊन फुगवला आणि छाती न उघडता वाट मोकळी केली. त्यानंतरच्या दहा वर्षांत या उपचाराची मर्यादा स्पष्ट झाली. धमनीची भिंत लवचिक असते, त्यामुळे फुगा काढताच ती पुन्हा आत येऊ पाहते. फुग्याच्या दाबाने आतले अस्तर फाटते आणि त्याची फडफडती झालर कधीकधी वाटच बंद करते. आणि सगळे नीट झाले तरी काही महिन्यांत जखम भरून येताना पेशी इतक्या वाढतात की धमनी पुन्हा अरुंद होते. म्हणजे भिंतीला आतून टेकू हवा होता.

हा टेकू १९८६ मध्ये आला. फ्रान्समधल्या तुलूझमध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये उलरिश झिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट बसवले. ते तारांनी विणलेले आणि आपोआप उघडणारे होते. आवरण मागे ओढले की जाळी स्वतःच्या ताणाने फुलायची. पण विणलेली जाळी फुलताना लांबीला कमी होते, त्यामुळे ती नेमकी कुठून कुठपर्यंत बसेल याचा भरवसा नसायचा. १९९१ मध्ये या जाळीच्या पहिल्या १०५ रुग्णांचा आढावा छापून आला, तेव्हा जवळपास चौथा हिस्सा रुग्णांत धमनी पूर्ण बंद झालेली आढळली. आतल्या धातूवर रक्त गोठत होते. टेकू दिला, पण टेकूच अडथळा झाला. पुढच्या साऱ्या इतिहासाचे सूत्र इथेच सापडते: धमनीला आधार द्यायला धातू हवा, आणि रक्ताला तो धातू नको असतो.

दुसरी वाट ज्युलिओ पाल्माझ यांनी काढली. त्यांनी पोलादाच्या नळीला चिरा पाडल्या आणि ती फुग्यावर चढवून फुग्यानेच उघडली. धातू एका मर्यादेपलीकडे वाकवला की परत येत नाही, या साध्या गुणावर ही रचना उभी आहे. आजचे हृदयधमनीतले जवळपास सगळे स्टेंट याच वंशातले. १९९४ मध्ये दोन मोठ्या तुलना प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या युरोपातल्या तुलनेत नुसत्या फुग्यानंतर ३२ टक्के रुग्णांत धमनी पुन्हा अरुंद झाली होती, तर स्टेंटनंतर २२ टक्के. फरक खरा होता, पण बावीस हाही काही छोटा आकडा नव्हता.

३. पट्टी किती जाड असावी

स्टेंट बनतो तो सुमारे दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या धातूच्या नळीतून. लेझरने नळीत नक्षी कापतात, कडा रासायनिक-विद्युत प्रक्रियेने गुळगुळीत करतात आणि मग ती जाळी मिटलेल्या फुग्यावर आवळून बसवतात. आवळल्यावर सगळे मिळून सुमारे एक मिलिमीटर जाडीचे होते, आणि मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून हृदयापर्यंत नेता येते. जाळीत जी धातूची बारीक पात उरते तिला इथे आपण पट्टी म्हणू. तिची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. स्टेंटच्या रचनेतला पहिला वाद या एका आकड्यावरून आहे.

जाड पट्टीच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे. ती धमनीचा दाब सहन करते, धमनीत साठलेल्या कठीण थराने रेटा दिला तरी आत येत नाही, आणि क्ष-किरणांत ठळक दिसते म्हणून डॉक्टरला ती नेमक्या जागी ठेवता येते. पण तिचे तोटे रक्तवाहिनी भोगते. जाड पट्टी भिंतीत जास्त रुतते आणि जास्त जखम करते. जखम जास्त तर भरून येताना पेशींची वाढही जास्त. शिवाय रक्ताच्या वाहत्या थरात ती उंबऱ्यासारखी आडवी येते, तिच्या पाठीमागे रक्त मंदावते, भोवरे होतात आणि तिथे गुठळीची सुरुवात होऊ शकते. जर्मनीत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५१ रुग्णांना जवळपास सारख्याच घडणीचे दोन स्टेंट बसवले. एकाची पट्टी ५० मायक्रॉनची होती, दुसऱ्याची १४० ची. पातळ पट्टीच्या गटात १५ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या, जाड पट्टीच्या गटात जवळपास २६ टक्के. औषधाचा लेप नाही, वेगळी शस्त्रक्रिया नाही, निव्वळ धातूच्या जाडीचा हा परिणाम.

मग सगळ्यांनी ५० मायक्रॉनच का धरले नाही? कारण पातळ केलेली पट्टी ताकदही गमावते, आणि ती सरळ प्रमाणात गमावत नाही. एखाद्या पातीची, तिला ज्या दिशेने वाकवायचे त्या दिशेची जाडी निम्मी केली, तर तिचा वाकण्याला होणारा विरोध निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. दोनाचा घन आठ, एवढेच गणित. स्टेंटच्या पट्टीची रुंदी वेगळे काम करते, जाडी वेगळे, आणि नक्षीचा आकार तिसरे, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब इतका साधा राहत नाही. पण दिशा तीच. जाडी छाटत गेले की आधार कुठल्या तरी टप्प्यावर ढासळतोच.

यातून सुटायची वाट धातू बदलण्याची होती. पहिल्या पिढीचे स्टेंट एका प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचे असत. त्याच्यापेक्षा कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू जास्त ताठ आणि जास्त बळकट निघाला, शिवाय क्ष-किरणांतही बरा दिसतो. त्यामुळे २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या औषधी स्टेंटची पट्टी १४० मायक्रॉनची होती, ती पुढच्या पिढीत ८१ वर आली. औषधी स्टेंट म्हणजे ज्याच्या पट्टीवर पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप असतो तो. पुढे काही कंपन्या ६० पर्यंत उतरल्या. ६० मायक्रॉनच्या एका युरोपीय स्टेंटची ८१ च्या स्टेंटशी तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभरात त्या जागेवरून त्रास झालेले रुग्ण ६ टक्के विरुद्ध १० टक्के भरले. दुसऱ्या एका ६० मायक्रॉनच्या स्टेंटने अशाच तुलनेत फक्त बरोबरी साधली. त्याची गोष्ट पुढे येईल. थोडक्यात, १४० वरून ८० वर येण्याचा फायदा वादातीत आहे. ८० वरून ६० चा फायदा कधी दिसतो, कधी नाही. जाहिरातीत मात्र दोन्ही उतारांना सारखीच टाळी मिळते.

४. कसारा घाटातली गाडी

जाडीनंतरचा प्रश्न नक्षीचा. आजचा स्टेंट म्हणजे नागमोडी कड्यांची रांग असते. प्रत्येक कडे धमनीला गोलाकार आधार देते, आणि शेजारची कडी एकमेकांना छोट्या सांध्यांनी जोडलेली असतात. एका कड्याला किती सांधे द्यायचे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. मुंबईहून नाशिक रोडला येणारी गाडी कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढते, तेव्हा ३७ फुटांत १ फूट असा चढ असल्याने तिला मागून बँकर इंजिने रेटा देतात. ही गाडी वळणे घेऊ शकते ती डब्यांमुळे नव्हे, डब्यांमधल्या जोडणीमुळे. डबा ताठच असतो. सगळी गाडी एकसंध नळी असती तर पहिल्याच वळणाला रुळावरून उतरली असती. पण तीच जोडणी सैल आणि नाजूक असेल, तर मागून धक्का बसताच डबे एकमेकांत घुसतात. म्हणून रेल्वेने नवे एलएचबी डबे आणताना ते टकरीत एकमेकांवर चढू नयेत अशी जोडणी निवडली. वळण घेण्यासाठी ढिलाई आणि रेटा सोसण्यासाठी ताठपणा, दोन्ही एकाच जोडणीकडून हवे असते.

स्टेंटच्या पहिल्या पिढीत सांधे भरपूर होते. जाळी बंद घरांची, एकसंध, ताठ. ती सरळ धमनीत छान बसायची, पण वळणावर वळायला तयार नसायची. पुढे नेताना अडकायची, आणि बसल्यावर वाकड्या धमनीला ओढून सरळ करू पाहायची. डॉक्टरांची मागणी साहजिक होती: सहज पुढे सरकणारा स्टेंट द्या. कंपन्यांनी सांधे कमी केले. सहाचे तीन झाले, प्लॅटिनम-क्रोमियमच्या एका स्टेंटमध्ये तर कड्याला दोनच. तो स्टेंट वळणातून सुरेख जायचा, क्ष-किरणांत ठळक दिसायचा, पट्टी ८१ मायक्रॉनची. २०११ च्या सुमारास डॉक्टरांच्या नियतकालिकांत एक वेगळीच तक्रार यायला लागली. स्टेंट नीट उघडून बसवलेला असतो, मग त्याच धमनीत दुसरा फुगा किंवा तपासणीची नळी घालताना तिचे टोक स्टेंटच्या मागच्या कडेला लागते आणि जाळी लांबीच्या दिशेने चुरडते. एका ठिकाणी कड्यांचा ढीग होतो आणि दुसरीकडे धमनी उघडी पडते.

आडव्या दाबाला हा स्टेंट कमकुवत नव्हता. कड्यांचे काम कडी चोख करत होती. पण उभ्या धक्क्यासाठी त्याची परीक्षाच कोणी घेतली नव्हती, कारण जुन्या सहा सांध्यांच्या जाळ्यांत हा प्रश्न उद्भवतच नसे. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या जाळ्या लांबीच्या दिशेने दाबून पाहिल्यावर मग दिसून आले, की कमी सांध्यांच्या जाळ्या कमी जोराने आखडतात. कंपनीने पुढच्या आवृत्तीत, जिथे धक्का बसतो त्या मागच्या टोकाशी सांधे वाढवले आणि उरलेली जाळी तशीच लवचिक ठेवली. मला ही दुरुस्ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी वाटते. गुण आणि अवगुण यांची अदलाबदल सगळीकडे सारख्या दराने करायची गरज नसते, हे त्यात ओळखलेले आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. असे चुरडणे शेकड्यात एकाहूनही कमी रुग्णांत दिसले. शिवाय याच प्लॅटिनमच्या स्टेंटची कोबाल्टच्या स्टेंटशी दीड हजारांहून जास्त रुग्णांत तुलना झाली, तेव्हा रुग्णांच्या तब्येतीत फरक आढळला नाही. मग एवढा गाजावाजा कशाला? माझे उत्तर असे, की सरासरीत बुडालेला धोका एका विशिष्ट रुग्णासाठी मोठा असू शकतो. धमनीच्या अगदी तोंडाशी बसवलेला स्टेंट, वाकडीतिकडी कॅल्शियम भरलेली वाट, एकामागून एक तीन उपकरणे आत घालण्याची गरज असलेला गुंतागुंतीचा उपचार, अशा ठिकाणी सांध्यांची संख्या माहीत असलेला डॉक्टर वेगळी जाळी निवडेल किंवा नळी हलक्या हाताने पुढे नेईल. सरळ, छोट्या ब्लॉकेजला यातले काहीच लागू नाही. त्या रुग्णाने सांध्यांची चिंता करू नये.

५. चाळीस कोटी ठोके

स्टेंट एकदा बसला की स्थिर राहतो असे वाटते, पण तो ज्या धमनीत असतो ती दर ठोक्याला वाकते, पिळते आणि लांब-आखूड होते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर, वर्षाला पावणेचार कोटींच्या जवळ, आणि दहा वर्षांत सुमारे ३७ कोटी. म्हणून नव्या स्टेंटची चाचणी घेताना त्याला यंत्रात सुमारे ४० कोटी आवर्तने सोसायला लावतात. एका ठोक्याचा ताण धातू मोडण्याइतका कधीच नसतो. पण तोच ताण पुनःपुन्हा एकाच जागी आला की तिथे सूक्ष्म चीर पडते आणि वाढत जाते.

मोडण्याच्या जागा ठरावीक आहेत. हृदयाच्या उजव्या धमनीत हे जास्त दिसते, कारण ती वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या खाचेतून जाते आणि दर ठोक्याला बिजागरीसारखी हलते. जिथे दोन स्टेंट एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, तिथे तो भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला सगळा बाक एकवटतो. लांब स्टेंट, तीव्र वळण आणि ताठ जाळी एकत्र आली की धोका वाढतो. पहिल्या पिढीची बंद घरांची पोलादी जाळी यात जास्त सापडली, यात नवल नाही. मागच्या भागात ताठपणाचा गुण गायला होता. त्याचा हा दुसरा चेहरा.

किती मोडतात? अँजिओग्राफीवरून विचाराल तर एक ते आठ टक्के. पण २००९ मध्ये शवविच्छेदनातून काढलेल्या औषधी स्टेंटची बारकाईने तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा १७७ पैकी ५१ ठिकाणी, म्हणजे २९ टक्क्यांत, काही ना काही मोडलेले सापडले. हा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. यातल्या बहुतेक ठिकाणी काही पट्ट्याच तुटलेल्या होत्या आणि धमनीला त्याचे सोयरसुतक नव्हते. खरा त्रास जाळी आरपार तुटून दोन तुकड्यांमध्ये फट पडते तेव्हा होतो. त्या फटीत ना आधार असतो ना औषध. तिथे धमनी पुन्हा अरुंद होते किंवा गुठळी धरते.

६. विरघळणाऱ्या जाळीचे स्वप्न

धातू कायमचा आत राहतो म्हणून हे सगळे, तर काम झाल्यावर नाहीसा होणारा स्टेंट का बनवू नये? कल्पना मोहक होती आणि अडाणीही नव्हती. धमनीला आधार लागतो तो पहिले काही महिने. नंतर ती स्वतः सावरते. दुधाच्या आम्लापासून बनवलेले एक प्लास्टिक शरीरात दोन-तीन वर्षांत विरघळते, टाके घालायच्या धाग्यांत असली द्रव्ये आधीपासून वापरात होती. या प्लास्टिकचा 'अ‍ॅबसॉर्ब' नावाचा स्टेंट भारतातही आला आणि धातूच्या स्टेंटपेक्षा कितीतरी जास्त किमतीला विकला गेला.

पण प्लास्टिक धातूइतके ताठ नसते. तितकाच आधार द्यायचा तर पट्टी जाड करावी लागली, सुमारे १५० मायक्रॉनची. म्हणजे सामग्री एकविसाव्या शतकातली आणि जाडी पहिल्या औषधी स्टेंटच्याही पलीकडची. धातूचा स्टेंट थोडा लहान पडला तर मोठ्या फुग्याने तो आणखी ताणता येतो. हा मात्र मर्यादेपलीकडे ताणला की तडकायचा. छोट्या धमनीत जाड पट्ट्यांनी बरीच जागा खाल्ली. अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तिथल्या मोठ्या तुलनेत तीन वर्षांनी स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण त्याच्या गटात २.३ टक्के आणि धातूच्या गटात ०.७ टक्के भरले. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली.

कोणी म्हणेल, पहिली आवृत्ती फसली म्हणून कल्पनाच फसली असे नाही. मान्य. पातळ पट्ट्यांचे नवे प्रयत्न चालू आहेत आणि मॅग्नेशियमचेही आहेत. पण या घटनेने एक गोष्ट दाखवून दिली. बाजारातली सर्वांत नवी आणि सर्वांत महाग वस्तू काही काळ सर्वांत धोकादायकही होती, आणि ते कळायला तीन वर्षांचा पाठपुरावा लागला.

७. वेष्टनावरचा आकडा आणि धमनीतला आकडा

आतापर्यंत जाळीबद्दल बोललो. पण स्टेंट फसण्याचे सर्वांत नेहमीचे यांत्रिक कारण जाळीत नसते, ती किती उघडली यात असते. वेष्टनावर ३.० मिलिमीटर लिहिलेले असते, म्हणजे ठरावीक दाबाने फुगा फुगवला तर मोकळ्या हवेत तो एवढा होतो. धमनीत मोकळी हवा नसते, थर असतो. तो मऊ असेल तर बाजूला सरकतो, कॅल्शियम साठून दगडासारखा झाला असेल तर सरकत नाही.

हिशेब करून पाहू. गोलाच्या छेदाचे क्षेत्रफळ काढायचे तर व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५ ने गुणायचे. ३ मिलिमीटर पूर्ण उघडला तर ९ गुणिले ०.७८५, म्हणजे सुमारे ७.१ चौरस मिलिमीटर. तोच स्टेंट अडीचवर अडला तर ६.२५ गुणिले ०.७८५, म्हणजे ४.९. व्यास अर्ध्या मिलिमीटरने घटला, जागा मात्र तीस टक्क्यांनी गेली. धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी चित्र काढणाऱ्या तपासणीत, मुख्य डावी धमनी सोडून इतरत्र, स्टेंटच्या आतली सर्वांत अरुंद जागा ५.५ चौरस मिलिमीटरपेक्षा जास्त असावी असा मानदंड तज्ज्ञ वापरतात. पहिला स्टेंट त्यात सहज बसतो, दुसरा नापास होतो. आणि गंमत अशी, की साध्या अँजिओग्राफीच्या पडद्यावर दोघेही बऱ्यापैकी सारखे दिसू शकतात. अँजिओग्राफी ही सावली आहे. धमनीची भिंत तीत दिसतच नाही.

म्हणून जाणकार डॉक्टर स्टेंट टाकण्याआधी वाट तयार करतात. मऊ थर असेल तर साधा फुगा पुरतो. कॅल्शियमचे कडे असेल तर हिऱ्याचे कण लावलेले सूक्ष्म गिरमिट मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेऱ्यांनी फिरवून ते घासतात, किंवा धक्कालहरींनी त्याला तडे देतात. तडे गेल्यावर मग स्टेंट. आधी स्टेंट टाकला आणि तो उघडलाच नाही, तर नंतर काय करायचे हा फार वाईट प्रश्न उरतो, कारण आता कठीण थराच्या आत धातूही अडकलेला असतो. उलट दिशेनेही मर्यादा आहे. अनेक कंपन्या तीच एक जाळी दोन-तीन व्यासांच्या फुग्यांवर चढवून वेगवेगळ्या मापांची म्हणून विकतात. छोट्या मापाची जाळी मोठ्या धमनीत फार ताणली की तिची नागमोडी वळणे सरळ होतात, घरे मोठी होतात, आधार विरळ पडतो आणि औषधही पातळ पसरते. कोणती जाळी कुठवर ताणता येते हे वेष्टनावर ठळक नसते. माहीत असावे लागते.

आतून चित्र काढण्याचा रुग्णाला खरोखर फायदा होतो का? कोरियात १,६३९ गुंतागुंतीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात तो दिसला. त्या धमनीवरून झालेला त्रास ७.७ टक्के विरुद्ध १२.३ टक्के. पण त्याच वर्षी प्रकाशलहरी वापरणाऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्टेंट जास्त उघडलेले आढळूनही एकूण त्रासातला फरक, ७.४ विरुद्ध ८.२ टक्के, ठाम म्हणावा इतका निघाला नाही. स्टेंटमधल्या गुठळ्या मात्र कमी होत्या, ०.५ विरुद्ध १.४ टक्के. दोन्ही मिळून मी असे वाचतो: साध्या ब्लॉकेजला ही तपासणी केलीच पाहिजे असे नाही. लांब, कॅल्शियम भरलेल्या किंवा फाट्यावरच्या ब्लॉकेजला तिच्यावर केलेला खर्च ब्रँड बदलण्यावर केलेल्या खर्चापेक्षा जास्त कामाला येतो.

८. आता देशी की इम्पोर्टेड

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती बांधल्या: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधी आणि विरघळणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषधी स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. काही परदेशी कंपन्यांनी तेव्हा आपले नवे स्टेंट भारतातून मागे घ्यायची परवानगी मागितली. त्यांचा मुद्दा असा, की जुन्या आणि नव्या रचनेला एकच भाव मिळाला तर सुधारणा करायची कशासाठी? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १४० चे ८१ मायक्रॉन फुकट झाले नाहीत. पण वेगळा भाव मागायचा तर वेगळा परिणाम दाखवायला हवा, आणि तिथे पुरावा तोकडा पडतो. बांधलेल्या किमतीने अन्याय झाला असे ज्या विरघळणाऱ्या स्टेंटबद्दल सांगितले जात होते, तो त्याच वर्षी जगभरातून मागे घेतला गेला.

देशी स्टेंटचे घर नाशिकपासून लांब नाही. सापुताऱ्यामार्गे उतरले की सुरत, पेठ-कपराड्यामार्गे उतरले की वापी. दोन्हीकडे स्टेंट बनतात. सुरतेत ते का, याचे उत्तर हिऱ्यांत आहे. हिऱ्यांच्या कामासाठी लेझर यंत्रे बनवणाऱ्या सहजानंद समूहातूनच तिथली स्टेंट कंपनी उभी राहिली. तिच्या ६० मायक्रॉनच्या कोबाल्ट-क्रोमियम स्टेंटची युरोपातल्या रुग्णालयांत १,४३५ रुग्णांमध्ये ८१ मायक्रॉनच्या नामांकित अमेरिकी स्टेंटशी तुलना झाली आणि ती २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. वर्षभरातला त्रास ४.९ टक्के विरुद्ध ५.३ टक्के, म्हणजे बरोबरी. बाजारातला प्रत्येक देशी स्टेंट अशा कसोटीतून गेला आहे असा याचा अर्थ नाही. सगळे इम्पोर्टेड गेले आहेत असेही नाही. तेव्हा विचारायचे ते गाव नव्हे. या स्टेंटची दुसऱ्याशी रुग्णांमध्ये तुलना झाली आहे का, माझ्या धमनीचे माप किती, थर कठीण आहे का, असेल तर आधी काय करणार, आणि स्टेंट पूर्ण उघडला हे कसे पाहणार, हे चार-पाच प्रश्न विचारावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून स्टेंट बसणाऱ्या रुग्णालाही हे विचारता येतात. विचारायला जादा पैसे पडत नाहीत.

२०१७ च्या आदेशाने रुग्णालयांना बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला आणि सोबत ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच नंबर लिहायला लावले. वेष्टनावरचे स्टिकरही बहुधा केसपेपरवर चिकटवलेले मिळते: ३.०० × २८ असे काहीतरी, व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये. फुगा शेवटी किती दाबाने फुगवला, नंतर मोठा फुगा वापरला का आणि कितीचा, हे त्या स्टिकरवर नसते. ते उपचाराच्या नोंदीत असते, आणि ती नोंद अँजिओग्राफीच्या सीडीसोबत मागून घेता येते. पाच-सात वर्षांनी त्याच धमनीत पुन्हा जायची वेळ आली तर समोरच्या नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तीच लागते, कारण आत कोणती जाळी आहे आणि ती आधीच किती ताणलेली आहे हे कळल्याशिवाय कितीचा फुगा घालायचा ते ठरत नाही.